अंतराळवीराची मियानी

जे लोक अजून जन्मलेच नाहीत, त्यांच्या कपड्यांची चित्रं काढणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा आहे. दोनशे वर्षांनंतरचे शिपाई, परग्रहावरची पाणीवाली, यानातला स्वयंपाकी, मंगळावरची नर्स. सिनेमात ही माणसं दोन तास जगतात आणि त्या दोन तासांत त्यांना अंगभर कपडे लागतात. ते आधी कागदावर दिसावे लागतात. तो कागद माझा.

हे सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, असले सिनेमे आपल्याकडं निघतात कुठं? निघतात. कमी निघतात, काही अर्ध्यात बंद पडतात, काही थेट मोबाईलवर येतात, पण निघतात. मी स्वतः नऊ केले. दुसरा प्रश्न, "आणि हे तुम्ही उस्मानपुऱ्यात बसून करता?" ह्यातल्या ‘उस्मानपुऱ्यात’वर जरा जोर असतो. जणू भविष्यकाळ मुंबईत सुरू होतो आणि आमच्या संभाजीनगरला पोचेपर्यंत शिळा होतो. तर हो, उस्मानपुऱ्यात बसून, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीत. मुंबईला या म्हणणारे पुष्कळ होते. गेले नाही आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप दुसऱ्याच एका गोष्टीचा आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला संपादकांना हो म्हणाले.

आधी धंदा समजून घ्या. ह्या चित्राला आम्ही शीट म्हणतो. जाड कागदावर मधोमध माणूस उभा, अंगात पोशाख. कोपऱ्यात तोच माणूस पाठमोरा, लहान. बाजूला टाचणीनं लावलेले कापडाचे तुकडे, म्हणजे रंग आणि पोत कळावा. दिग्दर्शकानं मान हलवली की शीट शिंप्याकडं जाते आणि तिथून तिचे हाल सुरू होतात. तिच्यावर चहाचा कप ठेवला जातो, मशीनचं तेल सांडतं, खडूचे हात लागतात. सिनेमा पुरा झाला की शीट रद्दीत. कपडा शिवून झाल्यावर चित्राचं काय लोणचं घालायचंय, असं सगळ्यांचं मत. सुरुवातीला माझंही तेच होतं.

आमच्या घरात मात्र कपड्याला फार मान. आजोबांना गावात धडकं धोतर नेसून वेशीतून जायची सोय नव्हती. गाव अजिंठ्याकडचं. पुढं दीक्षा घेतली, वडील शिकले, शहरात नोकरीला लागले. त्यांनी पहिल्या पगारातून कोट शिवला आणि तो घालून ऐन उन्हाळ्यात भर दुपारी मुद्दाम त्याच गावात चक्कर मारून आले. कोट लोकरीचा होता. घामानं निथळत होते, पण बटणसुद्धा काढलं नाही, असं आई सांगायची. हे ऐकत वाढलेल्या मुलीला कपडा म्हणजे काय हे कुठल्या कॉलेजानं शिकवायची गरज नव्हती.

पण कॉलेजात गेले आणि तिथं एक गोष्ट शिकवली, ती माझ्या अंगाशी आली. पोशाखाचं चित्र काढताना माणूस नऊ डोकी उंच काढायचा. खरा माणूस साडेसात डोक्यांचा असतो, म्हणजे त्याचंच डोकं एकावर एक साडेसात वेळा रचलं की त्याची उंची भरते. चित्रात दीड डोकं वाढवलं की पाय लांब दिसतात, कपडा ऐटीत पडतो आणि बघणारा खूश होतो. सगळे असंच काढतात. मीही काढत होते.

माझा पहिला भविष्यातला सिनेमा मिळाला तो आमच्या भागातल्या उजाड टेकड्यांमुळं. गोष्ट होती पाणी नसलेल्या ग्रहाची. युनिटला हर्सूलच्या पुढं काळ्या खडकाचा माळ सापडला, कुठं झाड नाही, झुडूप नाही. चित्रीकरण इथंच होतं, तर कपडे इथंच करून घ्या, स्वस्तात होतील, असा निर्मात्याचा हिशेब. मी सात शीटा काढल्या. आता हे असले ताठ, पट्ट्यापट्ट्यांचे, गुडघ्यावर गाद्या लावलेले सूट शिवणार कोण? शर्ट-पँटवाल्यांनी हात वर केले. मग मला आठवले बँडवाले. त्यांचे ते झुपकेदार खांद्यांचे, सोनेरी काठांचे गणवेश कुणीतरी शिवतच असणार. चौकशी करत शहागंजच्या मागच्या गल्लीत पोचले. जिन्याखाली दुकान, वर घर. हबीब मास्टर तेव्हा पन्नाशीत असतील. गळ्यात टेप, कानामागं तांबडी पेन्सिल.

त्यांनी नायकाची शीट हातात घेतली, लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली.

"बाई, ये आदमी बैठेगा कैसा?"

"तो अंतराळवीर आहे मास्टर. बसत नाही."

"हौ, पर थकेगा तो बैठेगाच ना."

मी म्हटलं, तुम्ही शीटप्रमाणं करा. कॉलेजात पहिली आलेली मी, बँडवाल्यांच्या शिंप्याकडून काय ऐकून घेणार? त्यांनी खांदे उडवले.

"ठीक हाय. शीटप्रमाणं करतो. मंग मला नाय बोलायचं."

त्यांनी शीटप्रमाणंच केलं, आणि तिथंच सगळं फसलं. नायकाची मापं फोनवरून आली होती. कमरेचं माप सांगताना गृहस्थानं आपलं लग्नाच्या वेळचं माप सांगितलं. नट नेहमी असंच करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. राहिल्या गुडघ्याच्या गाद्या, पट्टा, खिसे. ते अंगावर कुठं यायचे हे मास्टरांनी माझ्या चित्रावरून ठरवलं. नऊ डोक्यांच्या चित्रावरून, साडेसात डोक्यांच्याही जरा खालीच राहिलेल्या नटासाठी.

माळावर नायक सूट घालून बाहेर आला. गुडघ्याच्या गाद्या नडगीवर, पट्टा मांड्यांवर. खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसत होता. दिग्दर्शकानं माझ्याकडं बघितलं. प्रसंग असा होता की नायकानं गुडघे टेकून माती उकरायची, पाणी शोधायचं. तो बिचारा गुडघे टेकायला वाकला आणि दोन मांड्यांच्या मधोमध चर्रकन आवाज आला. सगळ्या युनिटात एकदम हशा. नायक लाल चेहऱ्यानं गाडीकडं गेला. गाडीत बसताही येईना, म्हणून दाराशी उभा राहिला. पहिलाच सिनेमा, आणि तो बहुतेक शेवटचा.

हबीब मास्टर हातमशीन घेऊन टेम्पोतून आले होते. ते उठले, नायकाला कनातीच्या आड घेऊन गेले आणि ब्लेडनं ती शिवण आणखी उसवली. मला म्हणाले, "बाई, मियानी लगती."

ज्या बायकांनी सलवार घातली आहे त्यांना मियानी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सलवारीच्या दोन पायांच्या मधे, जिथं सगळा ताण येतो, तिथं एक चौकोनी तुकडा कोनावर उभा करून शिवतात. त्यामुळं उकिडवं बसा, मांडी घाला, सायकल मारा, कापड फाटत नाही. आता करड्या कापडाचा तुकडाही शिल्लक नव्हता. मास्टरांनी इकडं तिकडं बघितलं आणि कनातीचा खालचा विटकरी काठच कापला. मियानी विटकरी, दोन्ही बगलांत तसेच तुकडे विटकरी. गाद्या वर घेतल्या, पट्टा वर घेतला. दीड तासानं नायक बाहेर आला. गुडघे टेकले, वाकला, उकिडवा बसला. मग खडकावर चक्क मांडी घातली आणि चहा मागितला.

दिग्दर्शक लांबून बघत होता. करड्या सुटातले ते विटकरी चौकोन त्याला आवडून गेले. म्हणाला, ग्रहावरच्या सगळ्यांना हेच पाहिजे. झालं, जे ठिगळ होतं ते त्या ग्रहाची ओळख होऊन बसलं.

मी सातही शीटा नव्यानं काढल्या. ह्या वेळी साडेसात डोक्यांच्या. नायकाचं पोटसुद्धा जसं होतं तसं काढलं. त्यानं शीट बघितली आणि भुवया चढवल्या.

"हे पोट माझं आहे?"

"पोट तुमचंच. रंग फक्त माझा."

दोन दिवस बोलला नाही. पण सूट असा बसला की नंतर अंगातून काढायला तयार नसायचा. आणखी एक गोष्ट केली. शीटच्या उजव्या बाजूला चार बोटं रुंद कड कोरी सोडली आणि ती मास्टरांपुढं ठेवली. म्हटलं, इथं तुमचं लिहा. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. इंच, शिवणीत सोडायचा दाब, अस्तर कुठं, चेन कुठं, सगळं लिहिलं आणि खाली मियानी स्वतः काढून दाखवली. माझ्यापेक्षा स्वच्छ रेघ होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक शीटला ती कड आहे. माझी शीट दोन हातांची असते.

मास्टरांचा तो पहिला प्रश्न मी पुढं माझाच असल्यासारखा सगळीकडं वापरला. निर्मात्यांना भविष्यकाळ म्हटला की चांदीसारखं चकाकणारं कापड दिसतं. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मी म्हणते, उद्याचा माणूसही घामेजणार, बसणार आणि लघवीला जाणार. आधी त्याची चेन कुठं ते ठरवू, मग चकाकीचं बघू. एकानं मला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमचं तोंड फार चालतं." म्हटलं, हात चालतो म्हणून चालतं. तो सिनेमा गेला. जाऊ दे. नऊ सिनेमांत एकाही माणसाला मी चकाकू दिलं नाही.

गेल्या वर्षी असाच एक जण मोबाईल पुढं करत आला. कॉम्प्युटरकडून चित्र काढून घेतलं होतं, म्हणाला, मिनिटभरात आलं, तुम्ही फक्त जरा हात फिरवा. चित्र सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. निळा सूट, मानेपासून बोटांपर्यंत अखंड. मी विचारलं, ह्यात माणूस शिरणार कुठून? त्यानं चित्र मोठं केलं, वरखाली फिरवलं. शिवण नव्हती, चेन नव्हती, बटण नव्हतं. त्याला म्हटलं, आधी ह्याला शिंपी दाखवा आणि मग माझ्याकडं आणा.

आता ती पश्चात्तापाची गोष्ट.

पहिला सिनेमा फार चालला नाही, पण ते विटकरी चौकोन लोकांच्या लक्षात राहिले. एका सिने-मासिकानं माझ्यावर पानभर मजकूर करायचं ठरवलं आणि छापायला नायकाची शीट मागितली. माझी शीट कुणीतरी बघण्यासाठी मागत होतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी ती टेबलावर ठेवली. उजव्या कडेला ते तांबडे आकडे, तेलाचा डाग, टाचणीची भोकं. मी लोखंडी पट्टी घेतली, ब्लेड घेतलं आणि ती चार बोटांची कड कापून टाकली. ती मला त्या वेळी घाण वाटली. पट्टी टोपलीत गेली आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत गेली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. त्यांनी विचारलं, ही चौकोनांची कल्पना कशी सुचली? मी म्हटलं, लहानपणी अजिंठ्याच्या लेण्यांतल्या माणसांच्या वस्त्रांवर असे आकार बघितले होते, ते मनात घर करून राहिले. धडधडीत खोटं. पण ऐकायला इतकं छान वाटलं की त्यांनी त्याचाच मथळा केला. ज्या घरात, आपल्या माणसांनी केलं आणि नाव दुसऱ्याचं लागलं, अशा गोष्टी ऐकत मी लहानाची मोठी झाले, त्या घरातल्या मुलीनं हे केलं.

छापून आलेलं खोटं छापूनच खोडायला पाहिजे. म्हणून इथं लिहिते: ती कल्पना हबीब मास्टरांची. कापड कनातीचं. लेण्यांचा काही संबंध नाही.

मास्टर कधी काही बोलले नाहीत. अंक त्यांनी बघितला की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्याबरोबर पुढं आठ सिनेमे केले. रोज एका टेबलाला दोघं, आणि ती एक गोष्ट मधे. मग त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, मशीन मुलाकडं गेलं. दुकानात आता शाळेचे गणवेश होतात.

ह्या वर्षी मुंबईच्या एका गॅलरीकडून केतकी नावाची मुलगी माझ्याकडं आली. तिशीची, शांत, हुशार. भारतीय सिनेमांतल्या भविष्यकाळाच्या पोशाखांची मूळ चित्रं असं त्यांचं प्रदर्शन व्हायचं होतं, आणि नंतर ती चित्रं त्यांच्याच संग्रहात कायमची राहणार होती. तिला त्या पहिल्या सिनेमाच्या सातही शीटा हव्या होत्या. खरं सांगते, मला आनंद झाला. त्याआधीच्या पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्याला वाळवी लागून दोन सिनेमांच्या शीटांची माती झाली होती. मी कुठवर सांभाळणार?

सातही शीटा पलंगावर मांडल्या. केतकी प्रत्येकीपुढं वाकून बघत होती. नायकाच्या शीटपाशी थांबली.

"मॅडम, ही किती स्वच्छ आहे. बाकीच्या सहा आपण अशाच करून घेऊ."

"अशाच म्हणजे?"

"काही कापायचं नाही. डाग आमचे तज्ज्ञ काढतात. आणि ही कडेची जागा माउंटखाली, म्हणजे चौकटीच्या पुठ्ठ्याखाली जाईल. आमची सगळी पॅनल एका मापाची आहेत."

मी जे पाप केलं होतं, तेच तिनं नमुना म्हणून पुढं धरलं होतं. तिला बिचारीला काय माहीत. मी विचारलं, खाली नाव कुणाचं लावणार?

"तुमचंच. वेशभूषा आणि चित्र."

"आणि हबीब मास्टरांचं?"

तिनं वही उघडून बघितलं. "त्यांचं नाव श्रेयनामावलीत नाही मॅडम. आम्ही नोंद असेल तेवढंच लिहू शकतो."

"नोंद कडेवर आहे. ती तुम्ही झाकताय."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, वाळवी लागली तर कडही राहणार नाही आणि चित्रही राहणार नाही." शीटा एका मोठ्या फाइलीत घातल्या आणि तिला म्हटलं, चल, ज्यांची पेन्सिल आहे त्यांनाच विचारू.

मास्टर आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. वरच्या खोलीत दिवाणावर बसले होते. टेप अजून गळ्यात असतो, सवयीनं. केतकीनं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

"दे डालो बाई. तस्वीर तुमची हाय. मेरी पेन्सिल का क्या, पोंछ देंगे तो पोंछ देंगे."

इतकं सहज म्हणाले की मला बसवेना. केतकी समोर होती, तरी मी बोलून टाकलं. म्हटलं, मास्टर, नायकाच्या शीटची कड मी स्वतः कापली होती. मासिकात पाठवायच्या आधी. कचऱ्यात टाकली. आणि मियानी माझी म्हणून सांगितली. इतकी वर्षं तुमच्याशी हे बोलले नाही, माझी हिंमत झाली नाही.

मास्टर टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मालूम था मेरेकू."

"मग बोलला का नाहीत?"

"क्या बोलनेका? अंक लाया था मैं. घरमें जुबेदाकू बोला था, अपना लिखेला छपनेवाला हाय. सब बैठे, खोलके देखा तो लिखेला नाय." त्यांनी बोटावरचा टेप उलगडला. "मंग मी तिला म्हणलं, ही दुसरी कॉपी हाय. आपलीवाली बाईच्या कपाटात हाय. तबसे पूछती रहती वो, कब दिखाते. मैं बोलता, बाई काम में है."

पंचवीसेक वर्षं हा माणूस घरात माझी अब्रू सांभाळत होता. मला मान वर करवेना. मग मी उठले आणि आत हाक मारली.

जुबेदाभाभी ओढणीला हात पुसत बाहेर आल्या. मी फाइल उघडून पाणीवालीची शीट दिवाणावर ठेवली. ग्रहावरची पाणी वाटणारी बाई, पाठीला टाकी, अंगात करडा सूट. म्हटलं, भाभी, ही मास्टरांनी लिहिलेली. दाखवायला मला फार उशीर झाला.

त्यांनी मास्टरांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला. चित्राकडं त्यांनी पाहिलंही नाही. बोट कडेवर ठेवलं आणि तांबड्या आकड्यांवरून वरून खाली नेलं. एका जागी बोट थांबलं.

"ये चार तुम्हाराच हाय," त्या मास्टरांना म्हणाल्या. "चार की दुम ऐसीच लंबी छोडते तुम. किराने की चिठ्ठी में बी."

मास्टर खिडकीकडं बघत होते. भाभींनी मियानीची रेघ बघितली, तेलाचा डाग बघितला, कागदाची कड चिमटीत धरून बघितली. मग केतकीकडं वळल्या. आवाजात राग अजिबात नव्हता.

"बेटा, तू इसको ढकने आयी थी?"

केतकीनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तिला जमलं असतं. पण ती "हो" म्हणाली. मग फोन घेऊन जिन्यात गेली. तिनं मुंबईपुढं आमची बाजू फार लावून धरली, आवाज वरपर्यंत येत होता. परत आली ती उतरल्या चेहऱ्यानं. पॅनल बदलता येणार नव्हती. मापं छपाईला गेली होती. नायकाची शीट मात्र ते आहे तशी घ्यायला तयार होते, ती मापात बसत होती.

"ती तर मुळीच नाही," मी म्हटलं. "ती देणं म्हणजे मी दुसऱ्यांदा कापणं. सांग त्यांना, सातांतली एकही मिळणार नाही."

"मॅडम, पुन्हा विचार करा. असा संग्रह परत व्हायचा नाही."

"नको होऊ दे."

हे म्हणताना मी फार धीराची होते असं नाही. खालचा कप्पा डोळ्यांपुढं होता. माझ्या शीटा वाळवीच्या तोंडी जातील, नाहीतर माझ्यामागं रद्दीत जातील, हे मला कळत होतं. पण ज्याच्या मापांवर ती माणसं वाकली, बसली, उठली, त्याला झाकून माझ्या नऊ सिनेमांना कुठल्याच भिंतीवर जायचं नव्हतं. वडिलांनी त्या उन्हात कोटाचं बटण काढलं नाही, मग मी गॅलरीच्या एसीसाठी कड का सोडू?

मी शीटा गोळा करायला लागले. भाभींनी पाणीवालीवरचा हात काढला नाही.

"अब ये किधर जाती?"

"माझ्याकडं. कपाटात."

"नक्को. इदरच रहने दो. जुम्मे कू मेरी बहन आती. उसको बी मैं बोली थी, छपेला हाय करके."

सहाही तिथंच ठेवल्या. त्यांची बहीण येऊन गेली, मग बहिणीच्या सुना येऊन गेल्या, मग गल्लीतल्या बायका. मास्टरांच्या मुलानं दुकानातल्या गणवेशांच्या फळीवर काच लावून घेतली आहे आणि शीटा आता त्या काचेमागं आहेत, कडेसकट. केतकी परवा येऊन बघून गेली, स्वतःच्या सुट्टीत. मुंबईहून आणखी कुणाला बघायच्या असतील तर त्यांना शहागंजच्या मागच्या गल्लीत यावं लागेल.